रकाना रिकामा, माणूस गायब

आमच्या मालवणाकडचंच उदाहरण घेतो. समजा, मच्छीमारांची यादी काढायची आहे. प्रोसिजरला 'गाव' हे पॅरामीटर ऐच्छिक, डिफॉल्ट नल. गाव दिलं नाही तर सिंधुदुर्गातले 8ही तालुके यायला हवेत. एसक्यूएल सर्व्हरवर बरेच जण 'गाव = आयएसनल(@गाव, गाव)' लिहून मोकळे होतात. दिसायला झकास! पण तिथे नल बरोबर नल हे खरं ठरत नाही. मग तारकर्लीत राहणारी, पण नोंदीत गावच न भरलेली एखादी आजी यादीतून गुपचूप गळते. एररसुद्धा येत नाही!

मी '@गाव इज नल ऑर गाव = @गाव' असंच लिहितो. जुन्या प्लॅनमुळे क्वेरी रेंगाळली तर शेवटी ऑप्शन रीकम्पाइल. 'विचारलं नाही' आणि 'माहीत नाही' यांत फरक आहे, मंडळी. तो आजीच्या नावाएवढा आहे.