खोक्यातलं कपाट

फर्निचर ही मुळात उभी राहण्याची वस्तू. खुर्ची चार पायांवर उभी राहते, कपाट भिंतीला पाठ लावून उभं राहतं. हल्ली मात्र ते घरात येतं आडवं, पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात निजून. आणि त्याला उभं करता करता घरातली माणसं आडवी होतात.

या प्रकाराचा उगम स्वीडन देशी सांगतात. तिथल्या आयकिया कंपनीतल्या गिलिस लुंडग्रेन नावाच्या गृहस्थांना 1956 साली एक टेबल मोटारीतून न्यायचं होतं. ते आत मावेना, तेव्हा त्यांनी टेबलाचे पायच काढून ठेवले. आपल्याकडे कुणीही ते टेबल टपावर बांधलं असतं आणि ते धरायला वर एक मेव्हणा बसवला असता. त्यामुळे हा शोध आपल्या हातून निसटला. पुढे त्या कंपनीची दुकानं 2018 साली हैदराबादला आणि 2020 साली नवी मुंबईत उघडली आणि एव्हाना तिचं पाहून इतरही पुष्कळ जण खोकी भरू लागले आहेत.

खरं तर आमच्या नारायणगावाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. हे तमाशाचं गाव. तमाशाचा फड म्हणजे सगळं थेटरच ट्रकमध्ये घडी करून हिंडतं. दुपारी मोकळं रान असतं, दिवेलागणीला तिथं तंबू, रंगमंच, कनाती सारं उभं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळं रान. पण फडाच्या माणसांना ते खांब कुठे बसतात हे ठाऊक असतं. आम्हाला आला तो नुसता कागद.

पण आधी जुन्या कपाटाविषयी सांगायला हवं. 1987 साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि आमच्या घरी टीव्ही आला. त्या काळी टीव्ही ही वस्तू नव्हती, पाहुणा होता; आणि पाहुण्याला घर हवं. ते बांधलं सुतारनानांनी. सागवानी लाकूड, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारी दारं आणि वर कुलूप. कुलूप चोरांसाठी नव्हतं, दहावीतल्या मुलांसाठी होतं. नानांनी आठ दिवस आमच्या पडवीत रंधा मारला. त्या आठ दिवसांचा भुसा आमच्या हिनं पुढे महिनाभर बंबात जाळला.

आता टीव्ही बदलला. जुना टीव्ही पोट सुटलेल्या मामलेदारासारखा होता, तो कपाटात ऐसपैस बसायचा. नवा आला त्रेचाळीस इंची, रुंदीला दांडगा आणि जाडीला तीन बोटं. तो कपाटात शिरेना. मग पुण्याहून चिरंजीवांनी मोबाइलवरून एक ‘टीव्ही युनिट’ मागवलं. चौथ्या दिवशी एक माणूस खोकं ओट्यावर टाकून गेला. आमची ही म्हणाली, “कपाट कधी येणार? हा तर पाट दिसतोय.”

रविवारी चिरंजीव स्वतः आले. खोक्यातून अकरा फळ्या, लाकडी खुंट्यांची पुडी, स्क्रूची पुडी, लोखंडी चकत्यांची पुडी आणि एक वाकडी सळई निघाली. सोबतच्या कागदावर एकही शब्द नव्हता. नुसती चित्रं, आणि त्यात एक गोल डोक्याचा माणूस हसत कपाट जोडतोय. त्याचं कपाट चौदाव्या चित्रात उभं राहतं. आता तुम्हीच पाहा, त्या चित्रांत त्याची बायको कुठे नाही, वडील नाहीत, शेजारचे भाऊसाहेब नाहीत. चिरंजीवांच्या भोवती हे सगळे होते, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक फळी होती. संध्याकाळी पाचला ते उभं राहिलं खरं, पण किंचित शिवनेरीकडे झुकून. खण आत जाईना. गेला तो बाहेर येईना. सहाच्या गाडीनं चिरंजीव पुण्याला गेले.

दुसऱ्या दिवशी हिनं परस्पर सुतारनानांना निरोप धाडला. मला संकोच वाटला. ज्या माणसानं सागवानाचं घर बांधलं, त्याला दाबलेल्या भुश्याच्या फळ्या सरळ करायला बोलवायचं! नाना आता ऐंशीच्या घरात, डोळ्यांत मोतीबिंदू. तरी काठी टेकत आले. युनिटवर हात फिरवला, कडेला नख मारून पाहिलं.

“ह्ये लाकूड न्हाय, गुरुजी. लाकडाचा अंगारा हाय.”

मी कागद पुढे केला. त्यांनी तो खाली घातला आणि त्यावर बसले. मग पिशवीतून सुतळी काढली. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ताणली, गाठ मारली, मग दुसऱ्या तिरक्या अंगानं लावून पाहिली. बोटभर फरक निघाला. मागची पातळ फळी त्यांनी काढायला लावली, तळहातानं दोन धक्के दिले, सुतळी पुन्हा ताणली. दोन्हीकडे सारखी. “आधी काटकोन, मग पाठ,” ते म्हणाले. चौकट काटकोनात आली की मागची फळी तिला तशीच धरून ठेवते. चौकट तिरकी असली तर फळी तिरकेपणही इमानेइतबारे सांभाळते. चौदा चित्रांत ही गोष्ट कुठे नव्हती. खण सुळकन आत गेला.

मी पाकीट काढलं. नाना म्हणाले, “कशाचे पैसे? काम कंपनीनं केलं. म्या निस्तं सरळ केलं.” मग पडवीत गेले. तिथं जुनं कपाट होतं. चिरंजीव ते विकून टाकायचं म्हणत होते, हे नानांच्या कानावर गेलं असावं. त्यांनी दार सरकवलं. ते सरकलं. आत हात घालून फळीवरून फिरवला. तिथं त्यांच्या पेन्सिलीच्या मापाच्या खुणा अजून आहेत. त्यांना त्या दिसल्या नसाव्यात.

“ह्याचं काय करताय, वैनी?”

“यात आता दिवाळीच्या फराळाचे डबे,” ही म्हणाली. “कुलूप आहे ना. मुलं दहावी झाली, गुरुजी अजून व्हायचेत.”

नाना हसले. जाताना हिनं त्यांच्या पिशवीत दोन पायली बाजरी ओतली. पैशाला नाही म्हणणाऱ्या नानांनी बाजरीला काही नाही म्हटलं नाही. त्यांच्या वडिलांना गावातून बलुतं मिळायचं, तेव्हाही धान्यच मिळायचं.

रात्री मोबाइलवर कंपनीचा निरोप आला: जोडणीचा अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या. आमच्या पंचक्रोशीला ताऱ्यांची कमतरता नाही. शेजारी खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून ताऱ्यांचंच ऐकत असतात. हिला विचारलं, किती देऊ?

“तारे त्यांना दे हवे तेवढे,” ही म्हणाली. “बाजरी योग्य ठिकाणी गेली आहे.”