अंगणातली सदाफुली

मैत्रिणींनो, सदाफुली तुमच्याही अंगणात असेलच. जालन्याच्या आमच्या घरात ती तुळशीच्या कट्ट्याला लागून आहे. भर उन्हाळ्यात नळाची वाट बघून आपला जीव जातो, पण ही बया फुललेलीच!

दोन वर्षांपूर्वी आमच्या वन्संच्या छातीत गाठ हाताला लागली. संकोचाने त्यांनी फक्त मला सांगितले. ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, "सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध करतात. रस दे." झाले! रोज अनशापोटी अर्धी वाटी. पाने खुडणारी मी, वाटणारी मी. वन्संना उलट्या व्हायच्या, तर औषध लागू पडतंय अशी आम्ही समजूत करून घेतली. चार महिन्यांनी काखेतही गाठ आली, तेव्हा कुठे ह्यांच्या कानावर घातले.

डॉक्टरीणबाईंना मी सगळे खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, काकूंचे बोलणे खोटे नाही, अर्धे आहे.

जमैकात लोक मधुमेहावर या पानांचा काढा घेत. तिथून आलेल्या पानांचा अर्क कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पण टोचल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. चार्ल्स बीअर यांच्यासह त्यांनी त्यातून व्हिनब्लास्टिन वेगळे काढले, ते १९५८ साली. पुढे याच झाडातले व्हिनक्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरात आले. पण शेकडो किलो वाळली पाने, तेव्हा जेमतेम ग्रॅमभर औषध! तेही मोजून, शिरेतूनच द्यायचे. आधी बशीतल्या पेशींवर, मग प्राण्यांवर, मग माणसांवर तपासायचे. बहुतेक अर्क मधेच गळतात. "बशीतल्या पेशी काय, फिनेलनेही मरतात," बाई म्हणाल्या. आणि आम्ही पाट्यावर वाटून वाटीने देत होतो!

ऑपरेशनच्या आधी वन्संना सलाईनमधून पॅक्लिटॅक्सेल दिले. तेही मुळात झाडाच्या सालीतलेच. १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्यांत मनसुख वाणी होते, जन्माने आपल्या नंदुरबारचे. म्हणजे शेवटी झाडपालाच, पण किती हातांतून गाळून आलेला!

वन्संचे केस पुन्हा आलेत. तपासणीला वेळच्या वेळी जातात. मी सदाफुली उपटायला निघाले, तर त्यांनीच हात धरला. "असू दे गं, देवाला फुलं होतात."

ते चार महिने गेले नसते तर काखेपर्यंत गेलं असतं का, हे डॉक्टरीणबाईंना विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.