हेझलच्या रानांत

साठी उलटल्यावर परदेशगमनाचा योग येईल असें आमच्या पत्रिकेंत कोणीं लिहून ठेविलें नव्हतें. पण चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यांत राहतात. ‘एक हिवाळा तरी आमच्याकडे काढा’ असा सूनबाईंचा आग्रह पडला, आणि जानेवारींत आम्ही सहकुटुंब तेथें जाऊन पोंचलों.

तिकडील थंडीचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्ही तें करीत नाहीं. आमची अडचण निराळीच होती. अकरा वर्षांचा आमचा नातू मराठी समजे, पण उत्तर इंग्रजींत देई. आणि तें इंग्रजी इतकें भरधाव कीं, तर्खडकरांच्या पाठमालेवर पोसलेल्या आमच्या कानांस तें पकडतां येईना. मेजावर आजोबा-नातू समोरासमोर बसत, आणि मीठ देण्याघेण्यापलीकडे संभाषण जात नसे.

हा अबोला एका झाडानें मोडला. तेथील खडूच्या टेकड्यांच्या पायथ्याशीं हेझलचीं रानें आहेत. चॉकलेटांत जी ‘हेझलनट’ घालतात ती ह्याचीच बी. ह्या झाडाचा एक भाऊबंद आपल्या हिमालयांतही आहे. ऐन हिवाळ्यांत पान एक नसतें, पण पिवळसर तुरे मात्र लोंबत असतात. हें झाड बुंध्यापाशीं तोडलें तरी मरत नाहीं. खोडापासून पुन्हां दहावीस सरळ सोट फुटतात, आणि सातआठ वर्षांनीं ते तोडावयास येतात. आपल्याकडील कळकाचें बेट डोळ्यांपुढें आणावें, म्हणजे कल्पना येईल. शतकानुशतकें ह्याच काठ्यांनीं तेथील कुंपणें विणलीं गेलीं आणि घरांच्या कुडांत ह्याच काठ्या घालून वर माती लिंपीत असत.

असें एक रान तोडणारा वृद्ध कारागीर चिरंजीवांच्या ओळखीचा होता. नातवानें त्यास विचारलें, ‘ह्याचें धनुष्य होईल काय?’ म्हातारा हंसला, आणि मनगटाएवढ्या जाडीचा, गांठी नसलेला सोट निवडून त्यानें तो उभा चिरला. एक फांक नातवाच्या हातीं देऊन म्हणाला, ‘ही पुढल्या वर्षासाठीं, आज हिचा उपयोग नाहीं.’ ओलें लाकूड वांकतें, पण वांकलेलेंच राहतें. म्हणून टोंकांस रंग फांसून, तडा जाऊं न देतां, तें सावलींत सुकवावें लागतें. मागल्या हिवाळ्यांतील एक सुकी फांक त्यानें लगेच कामास दिली.

तेथून पुढें शनिवार-रविवार आम्ही दोघे मागील पडवींत बसूं लागलों. कृति ऐकावयास सोपी आहे. सालीकडील बाजू ती धनुष्याची पाठ; ती नेमाऱ्यापासून दूर, लक्ष्याच्या बाजूस असते आणि ओढतांना ताणली जाते. तिला हत्यार लावावयाचें नाहीं, कारण एक तंतु तुटला कीं तेथूनच लाकूड उकलतें. तासावयाचें तें आंतील पोट. दोन्ही हातांनीं धरून आपल्याकडे ओढावयाची सुरी, मग कानस, मग कांचेचा तुकडा. थोडें तासावें, दोरी लावून किंचित् ओढावें, दोन्ही बाहू सारखे वांकतात कीं नाहीं तें लांबून पाहावें, जेथें ताठ दिसेल तेथें पुन्हां खरवडावें. खरा वेळ ह्या पाहण्यांतच जातो.

नातू प्रत्येक भागाचें इंग्रजी नांव सांगे. आम्हांसही राहवेना, अमरकोश पाठ केलेला कधीं नव्हे तो कामास आला. मध्यें धरावयाची जागा ती लस्तक, दोरी अडकवावयाचीं टोंकें त्या अटनी, दोरीचा फटका चुकविण्यासाठीं हातास बांधावयाचें कातडें ती गोधा. पोरास हे शब्द मंत्रासारखे वाटले. जेवतांना तो पाण्याच्या तांब्याचा ‘लस्तक’ धरूं लागला!

मार्चमध्यें पोर्टस्मथचें संग्रहालय पाहिलें. आठव्या हेन्रीची ‘मेरी रोज’ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजीं सॉलेंट सामुद्रधुनींत बुडाली, आणि १९८२ सालीं वर काढली गेली. तिच्यांतून दीडशेंवर धनुष्यें आणि साडेतीन हजारांवर बाण निघाले. धनुष्यें यू वृक्षाचीं, सहा फुटांवर लांब. यूचें बाहेरील पांढरें लाकूड ताण सोसतें, आंतील तांबूस लाकूड दाब सोसतें. त्यापुढें आमचें हेझल म्हणजे गरिबाचें धनुष्य. तेथें ठेवलेल्या सांगाड्यांपैकीं कांहींच्या खांद्यांचीं हाडें लहानपणापासूनच्या सरावानें निराळीं झालेलीं आहेत, हें वाचून नातू आपला खांदा चांचपूं लागला.

त्याच १५४५ सालीं रॉजर अ‍ॅश्चम ह्या गृहस्थानें ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील संवादग्रंथ, लॅटिन टाकून, मुद्दाम इंग्रजींत लिहिला. पुढें तो एलिझाबेथ राणीचा शिक्षक झाला. गुरुजींनीं धनुष्यावर लिहावें ह्याचा आम्हांस व्यवसायबंधु म्हणून अभिमान वाटला. आणि तोच अभिमान नडला म्हणावयाचा.

पाठीवर एक बारीक गांठ उंचवटा धरून होती. म्हाताऱ्यानें तिला स्पर्श करूं नका असें बजावलें होतें. पण चाळीस वर्षें मुलांच्या वह्यांतील समास सरळ करीत आलेल्या आमच्या हातास तो उंचवटा पाहवेना. नातू शाळेंत असतां आम्हीं कानशीनें तो साफ केला, आणि कोणास सांगितलें नाहीं. रविवारीं त्यानें दोरी हनुवटीपर्यंत ओढली मात्र, काडकन् आवाज होऊन वरील बाहु गांठीपाशींच मोडला.

आम्हीं अपराध तेथल्या तेथें कबूल केला. पोर कांहीं वेळ खालीं मान घालून तुकडे पाहत राहिलें. मग म्हणालें, ‘आजोबा, लस्तक शाबूत आहे. आणि एक अटनीसुद्धां.’

आमच्याशीं त्यानें बोललेलें तें पहिलें सबंध मराठी वाक्य.

मे महिन्यांत आम्ही परत आलों. ओली फांक तिकडे पडवींत सुकत आहे. वजन घटावयाचें थांबलें म्हणजे ती तयार झाली, असें समजावयाचें; म्हणून दर पहिल्या तारखेस नातू ती आईच्या स्वयंपाकघरांतील काट्यावर तोलतो आणि फोनवर आंकडा सांगतो. मराठींतच सांगावयाचा असा करार आहे. गेल्या खेपेस एक किलो एकोणऐंशी ग्रॅम भरली. त्यानें ‘एक किलो, सत्तर आणि नऊ’ असें सांगितलें. आम्हीं तें दोनदां म्हणवून घेतलें.