दादूच्या दंडावरच्या खुणा

प्रिय छोटी,

काल फोनवर तू एकच वाक्य परत परत म्हणत होतीस, "ताई, शाळेला या खुणांबद्दल विचारलं आणि त्यांनी दादूला काढून टाकलं तर?" भाऊजी रेल्वेची गाडी घेऊन गेले की दोन-दोन दिवस घरी नसतात. भुसावळात दुसरी विशेष शाळा मिळाली नाही तर जळगावची धाव. त्यात तुझं लेकरू आत्ता कुठे वर्गात बसायला लागलंय. तुझी भीती मला कळते. विशेष शाळेत शिकवण्यात माझी उमर गेली. मुलाच्या अंगावरचा वळ पाहून गप्प बसलेल्या आया मी पाहिल्यात, आणि त्यांना हीच भीती होती. म्हणून हे पत्र तुला लिहितेय आणि छापायलाही देतेय.

विचारायचंच, छोटी. आणि लेखी विचारायचं.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला ओळीत चार गोल डाग आणि पलीकडच्या बाजूला एक. ही बोटं आहेत. कुणीतरी दंड घट्ट धरलाय. का धरला, ते फोटो सांगत नाही. तो रस्त्याकडे धावत सुटला म्हणून असेल, फिट आल्यावर सावरताना असेल, किंवा कुणी राग काढला असेल. पळत्या मुलाच्या नडगीला, गुडघ्याला, कपाळाला लागतंच. कान, मान, पाठ, मांडी, दंडाची आतली बाजू इथं सहसा पडून लागत नाही. तिथं खूण दिसली की कारण समजेपर्यंत सोडायचं नाही. शेजारच्या काकू रंगावरून "तीन दिवसांपूर्वीचं दिसतंय" म्हणाल्या, ते मनावर घेऊ नकोस. रंगावरून दिवस डॉक्टरांनाही खात्रीनं सांगता येत नाही. त्यामुळे रोज सकाळी आंघोळीच्या वेळी तू पाहिलेलं त्याचं अंग, हीच खरी नोंद. एका वहीत माणसाची आकृती काढ, पुढून आणि मागून. खूण कुठे, तारीख काय, वेळ काय, ते लिही. फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढ. आजच डॉक्टरांना दाखव आणि केसपेपरवर लिहून घे.

शाळेला पत्र साधं असू दे: "अमुक तारखेला शाळेतून आल्यावर मुलाच्या उजव्या दंडावर आतून चार व बाहेरून एक अशा खुणा दिसल्या. सकाळी आंघोळीच्या वेळी त्या नव्हत्या. दिवसभरात त्याच्यासोबत कोण कोण होतं, शौचालयात, थेरपीला आणि रिक्षात त्याला कोणी नेलं, काही पडझड झाली का, हे लेखी कळवावं. त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं." चित्रीकरणाचा मुद्दा विसरू नकोस, काही दिवसांत जुन्यावर नवं चढतं. कुणावर आरोप नको, रडणं नको, व्हॉट्सॲपवरचं लांबलचक भांडण तर नकोच. दोन प्रती कर, एकीवर पोच घे.

मी शाळेच्या बाजूनंही सांगते. एका बाईंकडे सगळा वर्ग असतो. मदतनीस मावशींना पगार तुटपुंजा, आणि चिडलेल्या मुलाला कसं आवरायचं हे अनेकींना कुणी शिकवलेलंच नसतं. चांगली शाळा असं पत्र आलं की चिडत नाही, आपली नोंदवही काढते. "तो घरूनच खुणा घेऊन आला असेल" एवढ्यावर विषय मिटवायला बघितलं, तर पुढची पायरी चढ.

ती पायरी कायद्यानं दिली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे अशा छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देता येते. आपल्याकडे म्हणजे तहसीलदारांना. वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली, तरी २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, शाळेलासुद्धा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारात न कळवल्याचं कलम शाळेच्या चालकांवर लागलं. त्या मुलींनी घरी सांगितलं तरी होतं. आपल्या दादूला सांगता येत नाही. कळंबोलीच्या संस्थेतल्या गतिमंद मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण २०११ मध्ये बाहेर आलं, तोवर त्या काय काय सोसत होत्या, ते आठवलं की माझं आजही रक्त उकळतं. 'लॅन्सेट'मधल्या २०१२ च्या अभ्यासात दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट निघाली होती. म्हणजे तुझी शंका वेडेपणा नाही.

दादूला "बाईंनी मारलं का? मावशींनी मारलं का?" असं खोदून विचारू नकोस. कशालाही तो मान हलवेल आणि त्यातच खरी गोष्ट हरवेल. त्याऐवजी बघत राहा: रिक्षा आली की तो लपतो का, सदरा काढताना दंड आखडतो का, कुणाच्या फोटोकडे पाहिलं की कान झाकतो. तेही वहीत लिही. त्याला जबाब द्यावा लागलाच, तर पोक्सोच्या कलम २६ प्रमाणे विशेष शिक्षकाची मदत घेता येते.

आणि काढून टाकण्याची धमकी आलीच तर तीही लेखी माग. तोंडी धमकावणारे बहुतेक जण तिथंच गप्प होतात.

मसुदा आज रात्री मला पाठव, मी बघून देते. भाऊजींना रेल्वेच्या लॉबीतून निघण्याआधी फोन करायला सांग, त्यांची सही असलेली बरी. मुख्याध्यापिकांची वेळ मिळाली की कळव. मी जळगावहून सकाळच्या गाडीनं येते, दोघी मिळून जाऊ.

तुझी,
ताई