एन्डॉस्मोसिस

बाबासाहेबांचे १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ इंग्रजीतून वाचताना मी ‘एन्डॉस्मोसिस’ या शब्दावर अडले. बारावी विज्ञानाला असलेली धाकटी म्हणाली, “आई, मनुका पाण्यात भिजत घाल.” सकाळी मनुका टम्म फुगल्या! पातळ सालीतून पाणी आत झिरपते, तेच एन्डॉस्मोसिस. भगिनींनो, करून पाहा.

कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्युई हा शब्द समाजालाही लावत. बाबासाहेबांनी त्यातून बंधुता सांगितली: निरनिराळ्या थरांतल्या माणसांचे जगणे एकमेकांत झिरपले पाहिजे.

विरार लोकलमध्ये अंगाला अंग लागते, पण डबा उघडला की काहीजणी आधी आडनाव विचारतात. मग कसले झिरपणे?

वैशाखी पौर्णिमेची खीर आम्ही नालासोपाऱ्यात शेजारी देतो. पूर्वी वाटी नुसती घासून परत यायची. यंदा तिच्यात दोन करंज्या होत्या.