सातबाऱ्यावरचे गाव

मुळा नदी सह्याद्रीतून निघते, मुळशीच्या धरणात अडते, आणि तिथून उरलेसुरले पाणी घेऊन पुण्याकडे येता येता वाकडला भेटते. या काठाला वाकड, पलीकडे बालेवाडी. वाकड हे माझे आजोळ. आज ‘वाकड’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहतात. माझ्या आजीच्या डोळ्यांपुढे अजून बाजरीची कणसे डोलतात. दोघांचेही वाकड खरेच! मग मधल्या काळात झाले तरी काय?

आजीच्या तोंडी जमिनीचे माप पिकाचे असते. ‘वरचं रान पाच पोत्यांचं, नदीकडचं दहा पोत्यांचं.’ मामा गुंठ्यांत मोजतो. एकराचे ४० गुंठे आणि एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, हे गणित आमच्याकडे शाळेची पायरी न चढलेल्यांनाही पाठ आहे. नव्याने राहायला आलेली मंडळी तर नुसत्या चौरस फुटांतच बोलतात. पोते, गुंठा, चौरस फूट! माझ्या मते गावाचा सारा इतिहास या तीन शब्दांत मावतो.

पणजोबा मुळात कूळ. १९४८ चा कूळकायदा आणि १९५७ चा १ एप्रिल, म्हणजे ‘कृषक दिन’, यांच्या कृपेने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर लागले. त्याच सुमारास शेजारच्या पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला होता. मागोमाग इतर कारखाने आले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. वाकड मात्र बराच काळ या गलबल्याच्या कडेला राहून नांगरत होते. १९९७ साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले, हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या, २००२ साली मुंबईचा द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि मग मात्र जमिनीला पंख फुटले. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची वस्ती दहा लाखांवर होती, ती २०११ साली सतरा लाखांच्या पुढे गेली. एवढी माणसे राहणार कुठे? आमच्या बाजरीच्या रानातच!

गावात पैसा आला. कुणी लांबच्या तालुक्यात दुप्पट-तिप्पट जमीन घेतली, कुणी चाळी बांधून भाडे खाऊ लागले, कुणी तो गाड्यांत आणि मानपानात उडवला. यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते निराळेच.

पोत्याच्या काळात बहिणीची सही कुणालाच नको होती. गुंठ्याचा काळ आला आणि ती लाखमोलाची झाली. २००५ साली वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. कायदा दिल्लीत झाला आणि गावोगाव बहिणींना गाड्या पाठवून माहेरी बोलावणी आली. माझ्या आईलाही आले. तिने हक्कसोडपत्रावर सही केली. बदल्यात साडी-चोळी, गोडाचे जेवण आणि माझ्यासाठी एक झबले. ‘आई, का गं दिलीस सही?’ असे मी मोठी झाल्यावर विचारले, तर म्हणाली, ‘अगं, जमीन काय उरावर न्यायचीय? भावाचं दार उघडं पाहिजे.’

मामा वाईट नाही. दिवाळीला तो न चुकता येतो, माझ्या प्रवेशाची फी त्यानेच भरली. पण मला प्रश्न पडतो तो असा, की उघड्या दाराची एवढी किंमत फक्त बहिणीनेच का मोजावी? ज्या रानात आई लग्नापूर्वी खुरपत होती, तिथे आता इमारत आहे. त्या इमारतीतल्या नोकरदार मुलांचे पोळीभाजीचे डबे आई थेरगावच्या भाड्याच्या दोन खोल्यांत बसून करते. रोज पहाटे चार वाजता उठते. डबे द्यायला गेले की पहारेकरी मला वहीत नाव लिहायला लावतो. सातबाऱ्यावर नसलेले नाव तिथे रोज लागते!

आईसारखीच आणखी कितीतरी माणसे. दुसऱ्याच्या रानात मजुरीने राबणाऱ्यांना तर सही मागायलाही कुणी आले नाही. आणि नदी? तिचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हते. आजीच्या लहानपणी लोक तिचे पाणी ओंजळीने पीत. आता काठावर जलपर्णी माजते आणि पाण्यात सांडपाणी मिसळते. पावसाळ्यात ती चिडून काठ ओलांडते तेव्हाच लोकांना तिची आठवण होते.

चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला येते. उंच इमारतींच्या मधून भंडारा उधळत ते पुढे सरकते तेव्हा सज्जांतून मुले मोबाईल घेऊन वाकतात. त्या दिवशी साऱ्या माहेरवाशिणी जमतात. सही केलेल्या आणि सही न देता भांडून बसलेल्या, दोन्ही. देवापुढे एकाच रांगेत.

बंधु-भगिनींनो, ‘हिरवे गाव हरवले’ म्हणून हळहळणारे लेख आपण नेहमी वाचतो. ते हिरवेपण मलाही हवे होते. पण ते गाव हिरवे होते तेव्हाही त्यावर माझ्या आईचे नाव नव्हते. मग हरवले ते नेमके कुणाचे? आज आपल्या वर्गात अशाच गावांतून आलेल्या कितीतरी मुली आहेत. वाकडची पाळी होऊन गेली, त्यांच्या गावाची यायची आहे. रस्त्याची आखणी झाली, मोजणीचे खांब रोवले गेले, की त्यांनाही माहेरचे बोलावणे येईल. त्यांनी अवश्य जावे, गोडाचे जेवावे. मात्र कागद पुढे आला तर आधी तो वाचावा. आपण पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या घरांतल्या मुली. निदान वाचायला तरी शिकलो आहोत ना?