फंक्शनचं पाळण्यातलं नाव

गोदामातून फोन आला तेव्हा मी जेवायला बसले होते. "मॅडम, चार पार्सलं परत आलीत. पिनकोडला पाच-पाचच आकडे. तुमचा फॉर्म असले पत्ते घेतोच कसा?"

फॉर्मने ते घ्यायलाच नको होते. पिनकोड सहा आकडी आहे का, हे तपासणारं फंक्शन मीच लिहिलं होतं. ताट सारून लॅपटॉपवर पाच आकडे टाकून पाहिले. लाल अक्षरांत चूक दिसली. तोच पत्ता लाइव्ह साइटवर टाकला, तर ऑर्डर बिनबोभाट पुढे गेली.

आमच्या कोडमध्ये प्रत्येक तपासणीचं फंक्शन एका तक्त्यात नोंदवलेलं असे आणि नोंदीची किल्ली म्हणून त्या फंक्शनची 'नेम' ही प्रॉपर्टी घेतलेली असे. फॉर्मच्या रकान्यावर तेच नाव अवतरणचिन्हांत लिहायचं. तक्त्यात ते सापडलं तर तपासणी चालवायची, नाही तर पुढे जायचं.

लाइव्ह साइटचा कन्सोल उघडून मी तक्त्याच्या किल्ल्या छापल्या. 'पिनकोडतपासा', 'मोबाइलतपासा' यांच्या जागी नुसती एकेक अक्षरं होती: ई, टी, एन. तिथेच उलगडा झाला. बिल्ड करताना मिनिफायर फाइल लहान व्हावी म्हणून आपली लांब नावं एकदोन अक्षरांवर आणतो. अवतरणचिन्हांतल्या मजकुराला मात्र हात लावत नाही. फंक्शनचं नाव बदललं, रकान्यावरचं तसंच राहिलं आणि दोघांची गाठच पडेना. लॅपटॉपवर मिनिफाय न केलेला कोड चालत होता, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

टर्सर या मिनिफायरमध्ये फंक्शनची नावं राखायची सोय आहे. ती लावून रात्र निभावली. पण इतकी वर्षं वापरत असलेली ही 'नेम' येते कुठून, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणकात तिला रीतसर जागा मिळाली ती २०१५च्या आवृत्तीत. बिननावाच्या फंक्शनला नाव कधी मिळतं, याचे नियमही तेव्हाच ठरले.

जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, म्हणून मी कन्सोलमध्ये मराठीतच करून पाहिलं. 'बेरीज' नावाच्या व्हेरिएबलमध्ये बिननावाचं फंक्शन ठेवलं. नेम विचारली, उत्तर आलं 'बेरीज'. तेच फंक्शन 'एकूण' या दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं, तरी नेम 'बेरीज'च. पाळण्यातलं नाव एकदाच ठेवतात, पुढे हाका कोणत्याही नावाने मारा. आधीच तयार असलेल्या ऑब्जेक्टला टिंब देऊन बिननावाचं फंक्शन जोडलं, तर नेम रिकामी. 'बेरीज' बाइंड केलं, तर नावाआधी 'बाउंड' लागलं. दुसऱ्या फंक्शनला थेट कॉलबॅक म्हणून दिलेल्या बिननावाच्या फंक्शनला नाव मिळतच नाही. तिथे एरर आली की स्टॅक ट्रेसमध्ये नावाच्या जागी 'अनॉनिमस' एवढंच दिसतं आणि शोधणाऱ्याची रात्र जाते.

सकाळी मी तक्ता बदलला. किल्ली आता हाताने लिहिलेली असते: 'पिनकोड', आणि शेजारी फंक्शन. किल्ली सापडली नाही तर कोड पुढे सरकत नाही, एरर देऊन थांबतो. खरी चूक ही होती: तपासणी गायब झाली तरी आमचा कोड गप्प राहत होता.

कॉलबॅकलाही मी आता नाव देते, कारण ते वाचणाऱ्या माणसासाठी असतं. प्रोग्रामचा निर्णय मात्र त्या नावावर सोपवत नाही. टीममध्ये नवीन कोणी आलं की ही गोष्ट मी कन्सोल उघडूनच सांगते.

त्या चौघा ग्राहकांना मी स्वतः फोन केले. सहावा आकडा विचारून घेतला आणि पार्सलं पुन्हा रवाना केली.